गल्लीत कॅमेरे बसवताना: शहापुरातला माझा अनुभव

बेळगावातल्या आमच्या शहापूर भागातल्या गल्लीत आता चार कॅमेरे आहेत. ते बसवायची धावपळ मंडळाने माझ्यावर टाकली होती, म्हणून वडगाव, अनगोळकडची माणसं अधूनमधून फोन करतात आणि पहिला प्रश्न हमखास हाच असतो, "परवानगी कुठं मिळते ओ?" आपल्या घराच्या भिंतीवर, आपल्याच दाराकडे तोंड करून कॅमेरा लावायला कुणाची परवानगी लागत नाही. महापालिकेची नाही, पोलिसांचीही नाही. भानगड सुरू होते ती कॅमेरा दाराबाहेर बघायला लागला की.

आम्हाला तो बाहेरच बघायला हवा होता. दारातल्या दुचाक्या जात होत्या. शिनोळी इथून जवळ, आणि ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. एकदा गाडी हद्दीपार गेली की तक्रार या राज्यात, गाडी त्या राज्यात, आणि आपण दोन्हीकडच्या ठाण्यांना फोन करत बसायचं.

पोरांची पहिली कल्पना होती की हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, खांबांवर कॅमेरे लटकवू. खांब आयते उभे, वीजही तिथंच. पण तो खांब हेस्कॉमचा. त्यांच्या लेखी परवानगीशिवाय त्यावर काही बांधता येत नाही, आणि नवा खांब रोवायचा तर रस्ता महापालिकेचा. दोन्ही कचेऱ्यांत चौकशी केली. कुणी नाही म्हटलं नाही, कुणी हो म्हटलं नाही. शेवटी मी मंडळाच्या बैठकीत सांगितलं, खांबाचा नाद सोडा. कोपऱ्यावरच्या चार घरमालकांकडून साध्या कागदावर संमती घेतली: आमच्या भिंतीवर कॅमेरा लावायला आणि वीज घ्यायला हरकत नाही, नको झाल्यास महिन्याची सूचना देऊन काढून घ्यावा. कचेरीचं काम तिथंच संपलं.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पण तो परवानगीसाठी नव्हे, माहितीसाठी. कॅमेरे कुठं, तोंड कुठल्या दिशेला, रेकॉर्डिंग कुणाकडे, फोन कुणाला करायचा, एवढंच. गल्लीतले एक काका कोर्टात शिरस्तेदार होते, त्यांनी तो कन्नडमध्ये लिहिला. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं, हे काकांनीच आम्हाला ऐकवलं आणि वर म्हणाले, "हक्काची लढाई वेगळ्या दिवशी लढा, आज पोच घ्या." खाली मराठी प्रत जोडली. पोचेचा शिक्का मिळाला. "येथे कॅमेरे आहेत" ही पाटीही तशीच केली, वर कन्नड, खाली मराठी.

देवळाचा विषय मात्र वेगळा निघाला. कर्नाटकात 2017 चा सार्वजनिक सुरक्षेचा कायदा आहे. एका वेळी 100 किंवा दिवसभरात 500 माणसं जमतात अशा आस्थापनांना तो कॅमेरे सक्तीचे करतो आणि रेकॉर्डिंग 30 दिवस ठेवायला लावतो. दुकानं, दवाखाने, शाळा यांच्याबरोबर धार्मिक स्थळंही त्यात येतात. आमच्या देवळात एरवी संध्याकाळी दहा-बारा माणसं, पण उत्सवात पाय ठेवायला जागा नसते. आम्ही वाद न घालता एक कॅमेरा देवळाच्या दाराकडे वळवला आणि साठवण महिन्याची धरली.

दुकानदार म्हणत होता, एक टीबीची डिस्क भरपूर झाली. मी कागदावर हिशेब मांडला. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या दराने अखंड लिहीत राहिला तर दिवसाला साधारण 21 ते 22 जीबी. चार कॅमेऱ्यांचे 86. म्हणजे एक टीबी अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं पुसायला लागते. महिन्याला अडीच टीबीच्या वर लागतात. चार टीबीची घेतली. त्याच दुकानात स्वस्तातला जुना माल गळ्यात मारायचा प्रयत्नही झाला. एप्रिल 2025 पासून कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे, ते प्रमाणपत्र दाखवा म्हटल्यावर दुसरा खोका बाहेर आला.

खरी बैठक झाली ती नळाच्या पाण्यावरून. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी पहाटेपासून गल्लीच्या टोकाला बाया घागरी घेऊन उभ्या. तिसरा कॅमेरा नेमका त्या नळावर होता. कामाला सुरुवात झाली तसं एका मावशींनी माणसाला शिडीवरून खाली उतरवलं. "चोर पाणी चोरायला येतोय होय? ओल्या लुगड्यानं आम्ही भांडी भरूलाव, ते कोण बघत बसणार?" पुरुष मंडळी हसली. मला हसू आलं नाही, कारण त्या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. रेकॉर्डिंग कोण बघणार हे ठरलंच नव्हतं. प्रत्येक जण ॲप आपल्या मोबाइलवर मिळणार असं धरून चालला होता.

त्या रात्री देवळात बायकांसह बैठक घेतली, आणि इतक्या वर्षांत मंडळाची एवढी कामाची बैठक मी पाहिलेली नाही. नळावरचा कॅमेरा रस्त्याच्या वळणाकडे फिरवायचं ठरलं. समोरच्या वाड्याची खिडकी आणि परसातल्या न्हाणीचं दार तरीही कोपऱ्यात दिसत होतं. त्यावर रेकॉर्डरमध्येच प्रायव्हसी मास्क टाकला. तेवढा चौकोन काळा राहतो, आणि त्याच्यामागचं काही साठवलंच जात नाही, त्यामुळे नंतर काढून बघायचा प्रश्न नाही. माइक सगळ्यांचे बंद. कट्ट्यावर कोण कुणाबद्दल काय बोलतो हे साठवायची मंडळाला गरज नाही. रेकॉर्डर शिरस्तेदार काकांच्या माजघरात कुलपात, पासवर्ड अर्धा त्यांच्याकडे, अर्धा त्या मावशींच्या सुनेकडे. मोबाइलवर ॲप कुणाच्याच नाही. पोरं नाराज झाली. होऊ देत.

न्हाणीबद्दल मी जास्तच ताणतो असं काहींना वाटलं. पण बाईचं अशा खाजगी वेळेचं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद. माझा हेतू तो नव्हता, हे कोर्टात समजावत बसण्यापेक्षा चौकोन काळा करणं सोपं.

वाड्यातल्या भाऊबंदांचं तर विचारूच नका. एका वाड्यात थोरल्याने सामाईक अंगणात स्वतःचा कॅमेरा लावला, धाकट्याचा जिना त्यात येत होता. कलकत्ता उच्च न्यायालयाने 2025 मध्ये एकत्र राहणाऱ्या दोन भावांच्या अशाच भांडणात सांगितलं की राहत्या भागात दुसऱ्याच्या संमतीशिवाय कॅमेरे लावणं हा त्याच्या खाजगीपणाचा भंग आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. ती बातमी काकांनी छापून दोघांना दिली. कॅमेरा आता फक्त दिंडी दरवाजाकडे बघतो. खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा 2017 चा निकाल ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायाधीश, हेही काकांनी त्यात पेनाने लिहून ठेवलं होतं.

पहिली चोरी कॅमेऱ्यात आली तेव्हा उत्साह होता, पण फार काही दिसलं नाही. रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडात नंबरप्लेट पांढरीफटक, गाडी केए 22 की एमएच 09 तेही कळेना. वळणावरचा कॅमेरा खाली, माणसाच्या डोक्याच्या जरा वर आणला, लांबचं बघणारी लेन्स घातली आणि तिथं रस्त्यावरचा दिवा दुरुस्त करून घेतला. या तिन्हींत जास्त फरक दिव्याने पडला.

पोलिसांनी फुटेज मागितलं ते तोंडी, पेनड्राइव्हवर द्या म्हणून. काका अडून बसले, मागणीची लेखी नोटीस द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली ती देता येते, आणि हवालदारांनी कुरकुर न करता आणली. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा पहिला भाग रेकॉर्डर सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये काही बदललं तर लगेच बदलणारा तिचा सांकेतिक आकडा) त्यात लिहायची. महजरच्या, म्हणजे पंचनाम्याच्या, वेळी रेकॉर्डरचं घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढं-मागं आहे हे आम्ही मुद्दाम नोंदवायला लावलं. आमचं चार मिनिटं मागं होतं.

खाजगी मागण्या जास्त येतात. माझी गाडी कुणी खरचटली, जावई किती वाजता आला, कुत्रं कुणाचं. सगळ्यांना नकार. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू नाही, पण मंडळ म्हणजे घर नव्हे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना 18 महिन्यांची मुदत आहे. तोवर आम्ही एक वही ठेवली आहे: कुणी, कधी, कशासाठी बघितलं, दोघांच्या सह्या. डिस्क काही वर्षांनी बदलावी लागेल. त्याची वर्गणी गणपतीच्या पट्टीत धरायची की वेगळी, यावर मंडळात अजून एकमत नाही.