अन्नपूर्णेचं नाक

आमच्याकडे देवपूजा होत नाही, उरकते. एका कानाने कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आणि हाताने ताम्हनात पाणी सोडायचं. परवा तिसरी झाली की चौथी या नादात बाळकृष्णाला दोनदा गंध लागलं आणि गणपती कोरडाच राहिला. तो काही बोलला नाही. देवांचं हे एक बरं असतं.

दिवाळीच्या आधी मात्र देव घासायला निघतात. चिंचेचा कोळ, मीठ, जुना टूथब्रश. यंदा अन्नपूर्णा घासताना हात थांबला. लग्नात आईने दिलेली, आईला तिच्या आईने. त्यामागचं कुणाला ठाऊक नाही. अंगठ्याएवढी पितळी मूर्ती, मांडीवर आडवी पळी. एरवी वाटीतल्या तांदळात कुंकवाने माखून बसलेली असते. कुंकू निघालं तर तिला नाकच नाही! डोळ्यांच्या जागी दोन पुसट खळगे. पाठीवरची वेणी मात्र पेडन् पेड स्पष्ट. पाठ कोण घासतंय?

आईला फोन लावला. "हिला नाक नाही गं."

"होतं की. मी लहान असताना होतं."

"म्हणजे तुझ्या-माझ्यातच गेलं?"

"तू जरा हळू घासत जा."

पंढरपूरला विठोबाची मूर्ती झिजते म्हणून तिला वज्रलेप करावा लागतो; 2020 मध्ये लॉकडाउनमुळे देऊळ बंद होतं, तेव्हाही केला होता. पण तिथे लाखो हात, वर्षानुवर्षांचे अभिषेक. इथे तीन-चार बायका. त्यातही आजी चुलीवरच्या दुधाकडे बघत राखेने घासणार, आई आठ-पाचची लोकल डोक्यात ठेवून, आणि मी ही अशी. तिच्याकडे धड बघितलं असेल असं एकीच्याही बाबतीत छातीठोक सांगता येणार नाही. तरी नाक झिजलं. कुणी साठ-सत्तर वर्षं रोज आपल्यासमोर बसतं, आपण त्याचा चेहरा पुसून टाकतो, आणि ते मांडीवरची पळी काही सोडत नाही. अंगावर काटा आला. अंगठा फिरवला तर गालापाशी एक खोलगट जागा लागली. माझा अंगठा तिथे बरोबर बसला.

किती शिट्ट्या झाल्या, देव जाणे. भात खाली लागलाच. वाटीत नवे तांदूळ घातले, तिला बसवलं आणि कुंकवाचं बोट पुढे नेलं. कपाळ नेमकं कुठे आहे, ते वाकून शोधावं लागलं.