बाईंचा खर्ज आणि दोन पेन्सिल सेल

गाण्याच्या क्लासला मी फोनवरच रेकॉर्डिंग करायचो. फोन पालथा ठेवायचा नि डोळे मिटून बसायचं. एका बुधवारी बाईंनी यमन रागात अशी काही तान घेतली की बस्स, आणि नेमका तेव्हाच कुरियरवाल्याचा फोन कडमडला. घरी येऊन ऐकतो तर तान वर गेलेली आहे, खाली आलेलीच नाही. म्हटलं, आता ज्याला कुणी फोन करू शकत नाही असं रेकॉर्डिंगचं यंत्र घ्यायचं. बजेट, दोन हजार.

पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एकाने पेनाएवढा रेकॉर्डर पुढे केला. "64 जीबी आहे साहेब, वर्षभर बोलत बसा." आता आमचा क्लास आठवड्याला एक तास. सेकंदाला 128 किलोबिटच्या साध्या एमपीथ्री फाइलला तासाला साठेक एमबी पुरतात, म्हणजे 4 जीबीतसुद्धा 65-70 तास मावतात. सव्वा वर्षाचं गाणं झालं की ते! माझी पिढी साठ मिनिटांच्या कॅसेटवर वाढलेली. तिसाव्या मिनिटाला ताडकन उठून बाजू उलटायची. पण 64 ऐकलं आणि भुललो.

त्या पेनात एक सोय होती: आवाज आला की चालू, थांबला की बंद. सेल वाचतो म्हणे. पहिल्याच दिवशी तासाभराच्या क्लासची 41 मिनिटं झाली. बाई खर्जातला, म्हणजे अगदी खालचा सा लावतात तो असा हळू, की लागला कधी ते कळू नये. यंत्राला तर नाहीच कळलं. ते जागं होईपर्यंत बाई गंधारावर पोचलेल्या. तानपुरा बारीक लावलेला, तो त्याच्या लेखी आवाजच नाही. आणि दोन आलापांमधली जागा, जिथे बाई थांबून माझ्याकडे नुसतं बघतात, ती सगळी गायब. खरी शिकवणी तर तिथेच होते.

पेन भाच्याला देऊन टाकलं. दुसरा रेकॉर्डर साडेतीन हजारांचा आणला (बजेट वगैरे बोलायच्या गोष्टी). दोन पेन्सिल सेल, सरकवायचं बटण, लाल दिवा. यात आवाजाची पातळी हाताने ठरवता येते, हे महत्त्वाचं. ऑटोवर ठेवलं की बाई थांबल्या रे थांबल्या, तानपुरा अंगावर येतो. तबल्यावर थाप पडली की बाईच दबतात. पंख्याची घरघर कापायचंही बटण आहे, पण ते खर्जालाही जरा तासतं. म्हणून मी एकदा उठून पंखाच बंद केला. बाई म्हणाल्या, "मी कुणाला शिकवत्येय? तुला की त्या डबीला?" पंखा लावला.

आता छान चाललंय. घरघरीतून बाई ऐकू येतात, पाठोपाठ माझा तो चिरका सा, जो डोक्याच्या आतून ऐकताना चांगला भरदार वाटतो. एकच खोड आहे. दर क्लासला मी सेल बदलतो, ते बदलले की डबीचं घड्याळ मागे जाऊन बसतं आणि तारीख लावायची माझ्या कधी लक्षात राहत नाही. त्यामुळे डबीतल्या नोंदींनुसार मी यमन आजवर 17 वेळा शिकलोय, आणि सतराही वेळा 1 जानेवारी 2015 रोजी.