बारा तासांचे ऊन

आमच्या घराच्या खिडक्या उत्तरेकडे उघडतात आणि समोर सात मजली इमारत हाताच्या अंतरावर उभी आहे, त्यामुळे पुण्यात राहूनही आमच्या घरात उजेड येतो, ऊन येत नाही. या दोन शब्दांतला फरक मला कोथिंबिरीने शिकवला. धणे रगडून खिडकीतल्या कुंडीत टाकले, ते उगवलेही. पण पुढच्या पंधरा दिवसांत रोपे दोऱ्यासारखी लांबुळकी होऊन काचेकडे झुकली आणि मग एकेक करून आडवी झाली. आईने कुंडीत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "अरे, हे तर घटातल्या धानासारखे दिसते आहे."

तिचे निरीक्षण शास्त्रीयदृष्ट्या अचूक होते. नवरात्रात देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पत्रावळीवरच्या मातीत गहू पेरतात आणि दसऱ्याला जे फिकट पिवळे, लांबसडक अंकुर आपण टोपीत खोवतो, ते उजेडाला पारखे झालेले अंकुरच असतात. अंधारात रोप आपली सगळी शिदोरी उंची गाठण्यावर खर्च करते, कारण मातीखालून निघालेल्या कोंबाला आधी उजेडापर्यंत पोहोचायचे असते. पाने हिरवी करण्याचा उद्योग त्यानंतरचा. गव्हाच्या दाण्यात साठा बऱ्यापैकी असल्याने नऊ दिवस निभावतात. धण्याच्या पोटात तेवढी पुंजी नसते.

माझा मात्र विश्वास बसेना, कारण खिडकी मला चांगली लख्ख दिसत होती. म्हणून फोनमधल्या प्रकाशमापकाने मोजले, तर खिडकीत जेमतेम 800 लक्स भरले आणि दुपारी गच्चीवर जाऊन तोच फोन उन्हात धरला, तर आकडा लाखाच्या घरात गेला. डोळे स्वतःला उजेडाशी जुळवून घेऊन हा शंभरपटीहून मोठा फरक आपल्यापासून इतक्या सफाईने लपवतात, की आपण सावलीलाही 'उजेडाची जागा' म्हणून मोकळे होतो. डोळ्यांची ही सोय कोथिंबिरीला नाही.

तेव्हा ऊन घरीच करायचे ठरले. बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटाचा एक कप्पा, 60 सेंटिमीटर रुंद आणि 45 सेंटिमीटर खोल, रिकामा करून घेतला. त्यातल्या गोधड्या कुठे गेल्या, हा विषय घरात अजून मिटलेला नाही. कपाटात दिवे लावून रोपे वाढवतो आहे असे सांगितले, की काही परिचित डोळे बारीक करून भलत्याच वनस्पतीची चौकशी करतात. त्यांना मी मेथीही लावणार असल्याचे सांगतो.

पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत, जाऊन मी पहिल्यांदा विकत घेतली ती तांबड्या-निळ्या दिव्यांची पट्टी. तिच्यामागचा तर्क शाळेतल्या पुस्तकाइतका सरळ होता: पानातले हरितद्रव्य मुख्यतः तांबडा आणि निळा प्रकाश शोषते आणि हिरवा बराचसा परत पाठवते, मग हिरव्यावर वीज कशाला खर्च करायची? पट्टी पेटवली आणि कपाटाचे लग्नाच्या मांडवातल्या कोपऱ्यात रूपांतर झाले. ते सोसले असते, पण त्या जांभळ्या-गुलाबी उजेडात पाने काळी दिसू लागली. उजेडात हिरवा रंगच नाही म्हटल्यावर पान डोळ्यांकडे काय परतवणार? पान पिवळे पडले आहे, त्यावर मावा बसला आहे की ते ठणठणीत आहे, हे कळायला मला दर वेळी कुंडी बाहेर काढावी लागे. शिवाय तो तर्कही अर्धाच खरा निघाला. कीथ मॅक्री या संशोधकाने 1972 साली बऱ्याच पिकांच्या पानांवर एकेक रंग टाकून मोजमाप प्रसिद्ध केले, त्यात हिरव्या प्रकाशावरही पाने बऱ्यापैकी काम करतात असे दिसले. तांबड्यापेक्षा कमी, पण वाया जाते म्हणावे इतके कमी नाही.

मग साधी पांढरी पट्टी आणली. पांढरी म्हणायची एवढेच. आत निळाच एलईडी असतो आणि त्याच्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप असतो, जो बराचसा निळा प्रकाश गिळून पिवळा आणि तांबडा बाहेर टाकतो, आणि उरलेला निळा त्यात मिसळून आपल्याला पांढरे दिसते. तांबडा एलईडी 1962 पासून होता. निळ्यासाठी मात्र जग पुढे तीस वर्षे ताटकळले. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते या निळ्या ठिपक्यासाठी. त्याची पाच मीटरची गुंडाळी दुकानदाराने माझ्यासमोर कापडासारखी हातावर मापून दिली.

बांधणीत फारसे कौशल्य नाही. 12 व्होल्टच्या या पट्टीवर दर पाच सेंटिमीटरला कात्रीची खूण असते, कारण तीन-तीन दिवे एका माळेत ओवलेले असतात आणि भलतीकडे कापले तर ती माळ विझते. अर्ध्या मीटरचे सहा तुकडे केले, मीटरला 14.4 वॅट या हिशेबाने एकूण 43 वॅट झाले. सगळे तुकडे एकापुढे एक जोडले, तर लांबच्या टोकाला व्होल्ट कमी पोहोचून शेवटचे दिवे मलूल होतात, म्हणून प्रत्येक तुकड्याला ॲडॉप्टरपासून स्वतंत्र तार दिली. आतून कपाटाला पांढरा रंग फासला, जेणेकरून बाजूला सांडलेला उजेड भिंतीवरून पुन्हा पानांवर यावा.

चूक केली ती उष्णतेच्या बाबतीत. एलईडी थंड असतो, असे मी सगळ्यांना ठामपणे सांगत होतो. त्याच्या उजेडात बल्बसारखी धग नसते हे खरे, पण त्याची पाठ तापते आणि ती उष्णता काढून नेली नाही, तर दिवा हळूहळू मंदावत जातो. मी पट्ट्या थेट प्लायवूडवर चिकटवल्या होत्या, आणि प्लायवूड उष्णतेच्या बाबतीत गोधडीचाच भाऊ. आठवड्याभरात पट्टीमागचा डिंक मऊ झाला आणि एका संध्याकाळी दोन तुकडे पेटलेल्या अवस्थेतच मेथीवर येऊन पडले. नंतर सरकत्या खिडक्या करणाऱ्याकडून उरलेले ॲल्युमिनियमचे सेक्शन आणून पट्ट्या त्यांवर बसवल्या, जुन्या संगणकातला छोटा पंखा दाराच्या वरच्या अंगाला लावला आणि ॲडॉप्टर ओल्या कुंड्यांपासून दूर, कपाटाबाहेर ठेवला. आतले तापमान 38 अंशांवरून 31 वर आले.

नंतरची चूक हावरेपणाची. ऊन आपल्याच हातात आहे म्हटल्यावर मी ते रोज 18 तास देऊ लागलो. रोपे दणकट झाली, आणि पानांनी भरगच्च होण्याआधीच त्यांच्या मधून दांडा निघून त्यावर पांढरी फुले आली. कोथिंबीर दिवसाची लांबी मोजते. लांब दिवस म्हणजे उन्हाळा आला, आता पाने पुरे, बी धरा, असा तिचा हिशेब. हिवाळ्यातला पुण्याचा दिवस 11 तासांचा असतो आणि मंडईतल्या जुड्या तेव्हाच हातभर का असतात, याचे निदान एक कारण मला तेव्हा उमगले. फुलांचे पुढे हिरवे धणे झाले आणि आईने ते आमटीत घातले, त्यामुळे नुकसान झाले असे म्हणवत नाही. दिवसाची लांबी मी 12 तासांवर आणली. ॲडॉप्टरमधली गळती धरून सुमारे 50 वॅट, म्हणजे महिन्याला 18 युनिट. सूर्याचे बिल यापूर्वी मी कधी भरले नव्हते, त्यामुळे हा आकडा फार आहे की थोडा, हे मला ठरवता येत नाही. मंडईतल्या जुडीशी तो ताडून पाहण्याचे मी कटाक्षाने टाळतो.

दिवे लावणे-मालवणे एका साध्या काट्याच्या टायमरकडे दिले आहे. सकाळी 6 ला चालू, संध्याकाळी 6 ला बंद. पण हा टायमर विजेवरच फिरतो. वीज गेली की त्याचे घड्याळ थांबते आणि आली की जिथे होते तिथूनच पुढे चालू लागते. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाण्याच्या आमच्याकडच्या जुन्या रिवाजामुळे कपाटातली पहाट दर आठवड्याला थोडी थोडी उशिरा होत गेली आहे. सध्या तिथे सकाळी सव्वाआठला उजाडते आणि रात्री सव्वाआठला मावळते. आम्ही जेवायला बसतो तेव्हा बेडरूममधल्या कपाटाच्या दारांच्या फटीतून उजेडाची एक उभी रेघ फरशीवर पडलेली असते, आणि वरण वाढता वाढता आई म्हणते, "आणायची असेल तर आत्ताच दोन काड्या खुडून आण, दिवस मावळायच्या आत."