पाय खाली घेणारी खुर्ची

खुर्चीला दुमडता फूटरेस्ट करून घेतोय असं ज्याला ज्याला सांगितलं त्याने एकच विचारलं, अरे त्यापेक्षा समोर एक स्टूल ठेव की. आता स्टूलवर पाय ठेवता येतात हे मलाही ठाऊक आहे. पण असं सांगणारे बहुतेक फ्लॅटमधले, म्हणजे बेल वाजली, आयहोलमधून बघितलं, मग सावकाश दार उघडलं असं ज्यांचं चालतं ते. गोव्यात फोंड्याकडे रस्त्यालगतच्या घरात, बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसून बघा म्हणावं. तिथे फाटकाची कडी वाजली की माणूस दिसतो आणि त्याच क्षणी त्याला तुम्ही दिसता, आणि तुमच्याआधी तुमचे तळवे दिसतात. पाय खाली घेता येतात हो पटकन, पण स्टूल तिथेच राहतं ना, येणाऱ्याच्या नडग्यांना लागतं आणि वर हा आत्ताच आपल्याकडे पाय करून लोळत होता अशी साक्षही देतं.

तर माझं मत असं की फूटरेस्ट उघडतो कसा ह्याला फारसा अर्थ नाही, कसाही उघडला तरी चालेल, आपल्याला घाई नसते. तो मिटतो कसा ते बघायचं.

कारण पाय कोणासमोर खाली घ्यायचे ह्याचं आमच्याकडे एक न लिहिलेलं वेळापत्रक आहे. पोदेर आला तर नाही घेतले तरी चालतात, तो सायकलवरून उतरतही नाही, भोंपू वाजवतो, पाव देतो, जातो. मीटर बघायला येणाऱ्यासाठी थोडे सावरून घ्यायचे. शेजारचे अण्णा आले तर घ्यायचेच, पण ते येतानाच बस रे बस करत येतात त्यामुळे अर्धे खाली घेतले की भागतं. भटजी आले तर पाय खाली आणि माणूस उभा. आणि बायकोचे मामा आले तर गाडी कोपऱ्यावर वळते तेव्हाच पाय खाली गेलेले असले पाहिजेत, फाटकापर्यंत थांबायचं नाही. चवथीला, म्हणजे गणपतीत, तर विचारूच नका, माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळा-पानांची आरास, बघायला लोक येत राहतात, त्या दिवसांत पाय वर करायची हिंमत रात्री दहानंतरच. शिवाय खुर्ची अशी ठेवायची की पाय देवघराकडे होणार नाहीत, आणि आमच्या बाल्कांवात ती तशी एकाच बाजूला बसते, म्हणजे नेमकी फाटकाकडे तोंड करून.

जुन्या लोकांनी ह्यावर काय केलं होतं तर काहीच नाही. गोव्यातल्या मोठ्या जुन्या घरांत ती लांब हातांची आरामखुर्ची असते ना, वोल्टेर, तिच्या हातांखालून फळ्या पुढे फिरतात आणि त्यावर पोटऱ्या टाकायच्या. बसायला स्वर्ग आहे, पण त्यात पाय दोन बाजूंना फाकून ठेवावे लागतात, आणि तसं बसण्याची मुभा घरात एकट्या भाटकारालाच, म्हणजे जमीनदारालाच, असणार, बाकीच्यांनी उभं राहून बोलायचं. त्यातून उठायचं म्हणजे एक पाय उतरवा, मग दुसरा, मग कंबर पुढे सरकवा. ज्याला कोणासाठीच उठावं लागत नव्हतं त्याची ती खुर्ची.

गंमत म्हणजे अमेरिकेत जी प्रसिद्ध लेझी-बॉय खुर्ची आहे ती पण मुळात पोर्चमध्ये बसायलाच केलेली. मिशिगन राज्यातल्या मनरो गावात एडवर्ड नाबुश आणि एडविन शूमेकर ह्या दोघा चुलतभावांनी १९२८ च्या सुमारास लाकडी पट्ट्यांची, मागे रेलणारी खुर्ची बनवली, पहिला नमुना संत्र्याच्या खोक्यांच्या फळ्यांचा होता म्हणतात. गादी वगैरे नंतर आली. म्हणजे घरच्या घरी भंगार लाकडातून खुर्ची करायची परंपरा तशी चांगल्या घराण्यातली आहे असं मी बायकोला सांगितलं.

माझी खुर्ची फणसाच्या लाकडाची. जुन्या घराच्या माळ्यावरच्या फळ्या होत्या, रंधा मारला की आतून पिवळ्याधमक निघतात आणि मग महिन्यामहिन्याने गडद होत जातात. खुर्ची म्हणजे काही कारागिरी नाही, चार पाय, पाठ, दोन हात, बैठक जमिनीपासून ४२ सेंमी. डोकं लागलं ते फूटरेस्टला.

तो असाय. बैठकीच्या पुढच्या कडेला बिजागऱ्यांवर एक फळी लोंबते, ३८ सेंमी लांब, त्यामुळे खालून केरसुणी फिरायला चारेक सेंमी जागा राहते. ह्या फळीच्या पोटापासून खुर्चीच्या पुढच्या पायापर्यंत दोन्ही बाजूंना एकेक तिरका टेकू, आणि हा टेकू अखंड नाही, मधोमध सांधा असलेल्या दोन पट्ट्यांचा. फळी खाली असते तेव्हा टेकू सांध्यात मोडून बैठकीखाली जातो. टाचा फळीमागे अडकवून वर उचलली की टेकू सरळ होतो. आणि खरी जागा इथे आहे, तो नुसता सरळ होऊन थांबत नाही, सरळ रेषेच्या पलीकडे चार मिलिमीटर जातो आणि एका छोट्या अडणीला टेकतो. बास. आता पायांचं वजन टेकूला दाबतं, दाबल्यावर सांधा आणखी पलीकडे जायला बघतो, पण पुढे अडणी आहे, त्यामुळे जेवढं वजन जास्त तेवढा तो घट्ट बसतो. खिट्टी नाही, कुलूप नाही. स्कूटरच्या साइड स्टँडची स्प्रिंग जशी मध्यरेषा ओलांडली की स्टँडला पलीकडेच धरून ठेवते त्यातलाच प्रकार. वर्कशॉपमध्ये व्हाइस ग्रिप, म्हणजे दाबली की लॉक होणारी पक्कड, असते तीही ह्याच युक्तीवर पकड धरते.

फॅब्रिकेटरकडे कागद घेऊन गेलो तर त्याने उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "सर, हातूंत लॉक खंय?" म्हणजे ह्यात लॉक कुठाय? म्हटलं मेस्ता, हेंच लॉक. त्याचा विश्वास बसला नाही. पट्ट्या जोडून झाल्यावर आधी हाताने दाबून बघितलं, मग कोपराने, मग जवळजवळ अंगच टाकलं, आणि म्हणाला, "जितलें दामता तितलें घट्ट जाता मरे." जितकं दाबावं तितकं घट्ट होतं. त्यानंतर मी जाईन तेव्हा तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायचा, जणू त्याचीच आयडिया.

मिटायचं कसं तर सांध्याला दोरी बांधून ती बैठकीखालून मागे नेऊन खुर्चीच्या हाताखाली काढली. पोटऱ्या किंचित उचलायच्या, दोरी ओढायची, सांधा ते चार मिलिमीटर मागे येतो आणि सगळं धाडकन खाली. दोन्ही बाजूंचे सांधे एका आडव्या सळीने जोडून घेणं मात्र मस्ट आहे, नाहीतर एक टेकू सुटतो, दुसरा धरून बसतो आणि फळी तिरकी होऊन अडकते, आणि मामा तर फाटक उघडून आत.

भोकांच्या बाबतीत कंजुषी करू नका. चार मिलिमीटर म्हणजे फार नाही, भोकं जरा सैल असली की सगळ्या सांध्यांतला खेळ मिळून ते कधी खाऊन टाकतो कळत नाही. बोल्ट थेट लाकडात फिरवला तर भोक लंबगोल होतं, म्हणून लाकडात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी. सांध्यांना साधा नट नको, फिरता सांधा त्याला हळूहळू सैल करतो, आत नायलॉनची रिंग असलेला नायलॉक नट घ्यायचा आणि पट्ट्यांमध्ये नायलॉनचे वॉशर. आता आपल्याकडचा पाऊस, वर्षाला ३००० मिमीच्या आसपास, तेव्हा लोखंडी बोल्टचा विषयच नको, पहिल्याच पावसाळ्यात गंजून बसतात. स्टेनलेस घ्या, आमच्यासारखं आतल्या बाजूला घर असेल तर ३०४ ग्रेडला हरकत नाही, कोलवा-मिरामारकडे खारं वारं खात बसणार असाल तर ३१६, त्यात मॉलिब्डेनम असतं ते मिठाला जास्त पुरतं. पण स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट कोरडा आणि जोरात पिळला तर आटे एकमेकांना चिकटतात आणि मग कापल्याशिवाय निघत नाही, म्हणून ग्रीसचं बोट लावून हाताने सावकाश आवळायचा. आणि लाकूड जून-जुलैत फुगतं, लांबीला नाही, रुंदीला, तेव्हा फळी आणि पायांमध्ये दोन्हीकडे थोडी फट सोडायची, नाहीतर ऐन पावसात, जेव्हा बाल्कांवात बसण्यात सगळ्यात मजा, तेव्हाच फळी जाम.

बोल्ट ८ मिमीचे घातले ते बघून भाऊजी म्हणाले एवढे जाडे कशाला. गणित केलं तर त्यांचं बरोबर आहे. सत्तर किलोच्या माणसाचे दोन्ही पाय गुडघ्याखाली मिळून साडेआठ किलोच्या आसपास भरतात, तेवढ्याला निम्म्या जाडीचे बोल्टही चालले असते. पण फूटरेस्टवर फक्त पाय येतात हे फक्त कागदावर. घरात पोरं आहेत. फळी वर दिसली की पोर त्यावर बसणार, आणि रिकाम्या खुर्चीच्या फळीवर पंधरा किलोचं पोर बसलं तर बोल्ट राहील जागेवर आणि खुर्चीच पुढे कलंडेल. म्हणून रिकामी खुर्ची नेहमी मिटलेलीच ठेवायची, हा घरचा कायदा.

फळी अगदी आडवी पण करायची नाही, हे कोणी सांगत नाही. मांडीच्या मागचे स्नायू बसायच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जातात, त्यामुळे पाठ ताठ ठेवून पाय एकदम सरळ केले की ते कमरेलाच ओढतात आणि दहा मिनिटांत पाठीचा कणा केळ्यासारखा वाकतो. पाठ मागे रेलणारी नसेल तर फळी वीसेक अंश खाली उतरती बरी, आणि आधार टाचेला नाही, पोटरीला पाहिजे. तेव्हा कोणाला करायचाच असेल तर दुसऱ्याच्या खुर्चीची मापं मागू नका, आपल्या गुडघ्यामागच्या खळीपासून घोट्यापर्यंत टेप लावा.

राहता राहिला आवाज. अडणी लोखंडी, पट्टी लोखंडी, त्यामुळे उघडताना खट्ट आणि मिटताना त्याच्या दुप्पट धाडकन. अडणीला रबराचा तुकडा चिकटवायला म्हणून सायकलची जुनी ट्यूब कापून ठेवली तर बायको म्हणाली, राहूदे तसंच. तिला आत स्वयंपाकघरात धाडकन ऐकू आलं की ती समजते कोणीतरी आलं, आणि चहा टाकते, मला उठून सांगायला यावं लागत नाही. परवा मी नुसता चष्मा आणायला उठलो तर आतून आवाज आला, "कोण आलं हो? साखर किती?" म्हटलं कोणी नाही, आता टाकलाच आहेस तर एक घालून आण.