तुम्ही विचारलंत म्हणून : रेडकांच्या शेडला पंखा किती इंची लावायचा?

पावसाळा तोंडावर आला की गोरेगाव-जोगेश्वरीपासून वसई-भिवंडीपर्यंतच्या तबेल्यांतून आम्हाला हमखास एक प्रश्न येतो. "वीस रेडकं आहेत, सारखी खोकतायत. एक्झॉस्ट किती इंची बसवू?" विचारणाऱ्याने बहुतेक वेळा इलेक्ट्रिशियनला निरोपही धाडलेला असतो. उत्तर एका शब्दात हवं असेल तर बारा इंची, आणि त्याचा हिशेब पुढे दिलाय. पण खोकला थांबणार की नाही, हे तो पंखा कुठे बसतो, त्याच्यापुढे काय जोडलंय आणि रेडकू कशावर झोपतं यावर ठरतं.

मोठ्या जनावरांच्या गोठ्याचा नियम रेडकांना लागू होत नाही, घोळ तिथूनच सुरू होतो. पाचशे किलोच्या म्हशीच्या अंगाची ऊब बरीच असते. अशा पन्नास म्हशी एका छपराखाली असल्या की हवा तापून वर चढते, आढ्यातून निघून जाते आणि बाजूने नवी हवा आत येते. रेडकू तीस-पस्तीस किलोचं. वीस रेडकांचं वजन मिळून दीड म्हशीएवढंही भरत नाही. दिवसा पत्रा तापतो म्हणून हवा थोडीफार हलते. रात्री वारा पडला की ती जागच्या जागी थांबते, मग आढं कितीही उघडं असो.

आणि रेडकू दिवसाचे सोळा-अठरा तास बसलेलं किंवा आडवं असतं. त्याचं नाक जमिनीपासून फूटभरही वर नसतं. तिथेच ओला भुसा, तिथेच मूत, तिथेच अमोनिया. अमोनियाने श्वासनलिकेच्या आतली बारीक लव निकामी होते. घाण वर ढकलण्याचं काम त्या लवेचं. ते थांबलं की एरवी नाका-घशात पडून राहणारे जंतू फुप्फुसात उतरतात. मालक उभा राहून हवा जोखतो, त्याला पाच फुटांवर काहीच जाणवत नाही. रेडकाच्या खणात उकिडवे बसा, तोंड त्याच्या तोंडाच्या उंचीला न्या आणि दोन मिनिटं थांबा. डोळे चुरचुरले तर शेड नापास.

मुंबईत थंडीची भीती उगीच मोठी करून ठेवलेली आहे. जानेवारीत रात्री पारा पंधरा-सोळापर्यंत उतरला तरी कोरडं, पोटभर दूध प्यायलेलं रेडकू ते सहज सोसतं. त्याला मारते ती ओल. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी 800 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या महिन्यात खाली घातलेलं काहीही आपणहून सुकत नाही. तेव्हाच लोक चारी बाजूंनी ताडपत्री लावून टाकतात. झड थांबते, पण मुताची वाफ आत कोंडते. ऑगस्टमधला न्यूमोनिया बहुतेक वेळा या ताडपत्रीनेच आणलेला असतो.

आता बांधणी. वीस खणांची शेड 40 बाय 20 फूट धरा. मधोमध सहा फुटांची वाट, दोन्ही बाजूंना दहा-दहा खण, प्रत्येक खण चार फूट रुंद आणि सात फूट खोल. आढं वाटेच्या बरोबर वर येऊ द्या, म्हणजे पावसात तिथून थेंब पडलेच तर वाटेवर पडतील, रेडकाच्या अंगावर नाही. वळचण दहा फुटांवर, आढं चौदावर. आढ्याची फट रुंदीच्या दर दहा फुटांना दोन इंच, म्हणजे इथे चार इंच. फटीच्या दोन्ही कडांना पत्रा चार इंच उभा वळवून घ्या आणि त्यावर टोपी अंतर राखून बसवा. टोपी दोन्हीकडे फटीच्या नऊ इंच तरी पुढे हवी. फॅब्रिकेटर "पाणी येईल" म्हणून टोपी पत्र्याला टेकवून टाकतो, तेव्हा शिडीवर चढून स्वतः बघा. वळचण भिंतीच्या बाहेर चार फूट काढा. तीन फुटांत नैर्ऋत्येची झड अडत नाही.

बाजूची भिंत एक-दीड फुटापेक्षा उंच नको. बाहेरचं पाणी आत उडू नये एवढंच तिचं काम. त्यावर दीड इंची पाइपचे आडवे दांडे. पडदा हवाच, पण तो खालून वर चढणारा हवा. वरून खाली सोडलेली ताडपत्री नेमकी वरची वाट बंद करते आणि खाली रेडकाच्या अंगावर झोत सोडते, म्हणजे दोन्ही उलटं. पडद्याची खालची कड भिंतीला पक्की बांधा, वरची कड दोरी आणि कप्पीने ओढा, आणि वळचणीखालचे दोन फूट जुलैतही उघडे ठेवा. दोरीला तिथे गाठ मारून टाका, म्हणजे रात्रपाळीचा भय्या उत्साहाने पूर्ण ओढणार नाही.

दोन खणांमधली आडभिंत साडेतीन फूट आणि भरीव. यामुळे एकाचं तोंड दुसऱ्याला लागत नाही. पुढची आणि मागची बाजू मात्र पाइपचीच ठेवा. काही जण तीन बाजूंनी प्लायवूड लावतात आणि ऊब राहावी म्हणून वर झाकणही घालतात. मग बाहेर वादळ असलं तरी आत हवा शिरत नाही. पाइप भट्टीत जस्त चढवलेलाच घ्या. मूत आणि खारी हवा मिळून साधा पाइप बुडाशी कुरतडतात, म्हणून जमिनीलगतचे सहा इंच काँक्रीटच्या ठोकळ्यात बसवा.

शेड मोठ्या गोठ्याच्या पश्चिमेला मिळाली तर फार उत्तम. दुपारचे खारे वारे आणि पावसाळी वारा दोन्ही त्याच बाजूने येतात, त्यामुळे रेडकांना आधी ताजी हवा मिळते आणि म्हशींची हवा पुढे जाते. निदान तीस-चाळीस फुटांचं अंतर ठेवा. उकिरडा आणि मुताचा खड्डा पूर्वेला. मुंबईत जागा निवडायची चैन कुणाला असते म्हणा. पण निदान नव्या रेडकांना गोठ्याच्या आतल्या कोपऱ्यात, दोन भिंतींच्या बेचक्यात बांधू नका. ती जागा सगळ्यात उबदार वाटते आणि सगळ्यात वाईट असते.

आता पंखा. उघड्या बाजूंच्या शेडमध्ये भिंतीत एक्झॉस्ट लावला तर तो सगळ्यात जवळच्या फटीतून हवा ओढतो आणि बाहेर फेकतो. म्हणजे शेजारच्या दोन-तीन फुटांतली हवा गोल फिरते, बाकीचे अठरा खण होते तसेच. छताचा पंखाही हवा फक्त ढवळतो, तीच खोकल्याची हवा सगळ्यांना वाटतो. रेडकांना लागतो तो बाहेरून आत ढकलणारा पंखा आणि त्यापुढे शेडच्या लांबीभर भोकांची प्लॅस्टिकची नळी.

हिशेब असा. लांबी 40, रुंदी 20, सरासरी उंची 12, एकूण 9,600 घनफूट. तासाला चार वेळा हवा बदलायची म्हणजे 38,400 घनफूट, मिनिटाला 640. दुकानदार पंख्याचा जो आकडा सांगतो तो मोकळ्या हवेतला असतो. नळी जोडली की दाबामुळे तो बराच घटतो. म्हणून मोकळ्यावर मिनिटाला हजार घनफूट देणारा बारा इंची, 1400 फेऱ्यांचा, धातूच्या पात्यांचा पंखा घ्या. स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा पंखा नळी फुगवूच शकत नाही.

नळीही बारा इंच व्यासाची. पंख्याजवळच्या पहिल्या चार फुटांत भोक पाडू नका, तिथे हवा भोवरा घेते. उरलेल्या 36 फुटांत सव्वा इंची भोकं, साडेआठ इंचांवर एक, अशा दोन ओळी. सगळी मिळून शंभरेक होतात. घड्याळाच्या तबकडीवर साडेचार आणि साडेसात जिथे येतात, तिथे या ओळी पाडा. नळी वाटेच्या वर दहा फुटांवर टांगली तर झोत तिरका उतरून दोन्ही बाजूंच्या खणांवर येतो आणि रेडकापाशी पोचेपर्यंत मंदावतो. भोकं दोन इंची केली तर झोत लांब जातो आणि तान्ह्या रेडकाच्या पाठीवर सरळ आदळतो. अर्ध्या इंचाची केली तर तो वरच विरतो. भोकं कात्रीने कापू नका, कड फाटत जाते. सव्वा इंची पाइपचा तुकडा तापवून दाबा, कड वितळून गोल बसते. नळीचं शेवटचं टोक गच्च बांधलेलं हवं. वर तार ताणून दर तीन फुटांना कडी घाला, नाहीतर पंखा सुरू होताना नळी फटके मारते आणि महिनाभरात खांद्यापाशी फाटते.

हा पंखा दिवसरात्र, बारा महिने चालतो. शंभर वॅट धरला तर दिवसाला 2.4 युनिट. त्याचं तोंड बाहेरच्या स्वच्छ हवेत उघडलं पाहिजे, त्यावर अर्ध्या इंचाची जाळी, आणि दर पंधरवड्याला ती जाळी ब्रशने साफ. धूळ बसून अर्धी बुजलेली जाळी म्हणजे अर्धा पंखा. चालतोय का हे बघायला उदबत्ती पेटवून रेडकाच्या नाकाच्या उंचीवर धरा. धूर हळूहळू एका बाजूला सरकायला हवा. सरळ वर जाऊन घुटमळला तर हवा पोचत नाही. धूर फुंकल्यासारखा तुटला तर झोत जास्त आहे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात मात्र ही नळी पुरत नाही. तेव्हा पडदे पूर्ण खाली आणि वाटेच्या तोंडाशी एक मोठा उभा पंखा. फॉगर आणि कूलरवर पैसे घालवू नका. नागपूरला ते चालतात, कारण तिथली उन्हाळी हवा कोरडी आहे. इथल्या दमट हवेत ते फक्त भुसा भिजवतात.

भुशाचं काम पंख्यापेक्षा अवघड आहे, आणि ते कुणाला नको असतं. जमिनीला फुटामागे पाव ते अर्धा इंच उतार, तोही मागच्या बाजूला, आणि खणाच्या बाहेर नऊ इंच रुंद, तीन इंच खोल उघडं गटार. झाकलेला पाइप पेंढ्याने तुंबतो आणि आत काय सडतंय ते कुणाला दिसत नाही. हिवाळ्या-उन्हाळ्यात भाताचा पेंढा उत्तम. बसलेल्या रेडकाचे पाय त्यात बुडून दिसेनासे झाले पाहिजेत इतका तो घाला. पावसाळ्यात तोच पेंढा दोन दिवसांत कुबट होतो आणि बुरशी धरतो. म्हणून जून ते सप्टेंबर लाकडी पट्ट्यांची उचलती फळी बरी पडते. पट्ट्यांमध्ये पाऊण इंचाची फट, फळी जमिनीपासून फूटभर वर. फट एक इंचापेक्षा मोठी केली तर खूर अडकतो. फळी उचलून खालचं रोज धुवायलाच हवं, नाहीतर रेडकाच्या पोटाखाली अमोनियाची टाकीच तयार होते. धुताना रेडकू खणात नसावं आणि पाणी निथळल्याशिवाय परत आणू नये. रबरी चटईवर ओल साचून राहते, रेडकांखाली आम्ही ती सुचवत नाही. ओलीची परीक्षा सोपी आहे. खणात गुडघे टेकून वीस-पंचवीस सेकंद बसा. पँट ओली झाली तर रेडकूही ओल्यातच झोपलंय.

डासांसाठी संध्याकाळी शेणीची धुरी करायची पद्धत जुनी आहे. रेडकांच्या शेडमध्ये ती बंदच करा. अमोनियाने आधीच सुजलेल्या श्वासनलिकेत धूर गेला की रात्रभर ढास लागते. जाळी लावा, पण बारीक जाळी वारा बराच अडवते, म्हणून ती धुतलेली हवी आणि नळीचा पंखा चालू हवा. आणि जन्मल्यावर पहिल्या दोन तासांत चीक पोटात गेला नसेल तर कुठलाच पंखा कामाचा नाही, हेही विचारणाऱ्याला आम्ही सांगतोच.

राहिला भाड्याच्या गाळ्याचा प्रश्न. आरेत किंवा जोगेश्वरीत भिंत फोडायची परवानगी मिळत नाही, आढं उघडायचं तर विषयच नको. अशा ठिकाणी खिडकीची एक तावदानाची चौकट काढून तिथे प्लायवूडवर पंखा बसवता येतो आणि नळी गाळ्याच्या लांबीत टांगता येते. नळीने ढकललेली हवा बाहेर जायला समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला वाट हवी. जिन्नस एवढेच : पंखा, प्लायवूड, नळी, तार, कड्या आणि जाळी. गाळा सोडताना सगळं काढून नेता येतं. मात्र रेडकांची संख्या गाळ्याच्या आकाराने ठरवा. एका तान्ह्या रेडकाला किमान सहा घनमीटर हवेची जागा लागते, दोन महिन्यांच्या रेडकाला दहा. दहा बाय पंधराच्या, दहा फूट उंच गाळ्यात 1,500 घनफूट म्हणजे साधारण 42 घनमीटर हवा असते. त्यात सात तान्ही रेडकं बसतात आणि दोन महिन्यांची चारच. पंधरा कोंबलीत तर पंखा कितीही इंची घ्या, खोकला राहणार.