फोनच्या काचेतून दिसलेलं लॉस एंजेलिस

२०२१च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला होते. हॉलीवूडची अक्षरं, सांता मोनिकाचा किनारा हे सगळं झालंच, पण मला खरी ओढ होती ती वेगळ्याच स्मारकांची. त्याच एप्रिलमध्ये लॅक्मा या तिथल्या मोठ्या कलासंग्रहालयाने स्नॅपचॅटबरोबर एक उपक्रम सुरू केला होता. पाच कलाकारांनी शहरातल्या ठरावीक जागांसाठी स्मारकं घडवली होती, पण दगडात किंवा धातूत नाही, ऑगमेंटेड रिॲलिटीत (एआर), म्हणजे समोरच्या खऱ्या जागेवर फोनच्या पडद्यातच दिसणारी. जागेवर जायचं, फोनमध्ये स्नॅपचॅटचा कॅमेरा उघडायचा, की स्मारक समोर!

पहिल्यांदा गेले मॅकआर्थर पार्कला. डाउनटाउनच्या पर्शिंग स्क्वेअरपासून मेट्रोने दुसरंच स्टेशन. वर आलं की तळं, आणि बागेचे सरळ दोन तुकडे करत जाणारा विल्शर बुलेव्हार्ड. बागेला नाव दिलंय ते सेनापती डग्लस मॅकआर्थरचं. पण इथला फुटपाथ ज्यांच्यामुळे जागा असतो ते फेरीवाले. बहुतेक मध्य अमेरिकेतून आणि मेक्सिकोतून आलेले. रंगीत छत्रीखाली काचेची गाडी, गाडीत बर्फावर कलिंगड, आंबा, काकडी. वरून लिंबू आणि तिखट. २०१७पर्यंत या शहरात फुटपाथवर माल विकणं हा फौजदारी गुन्हा होता. राज्याचा कायदा बदलून त्यांना संरक्षण मिळालं ते थेट २०१९च्या जानेवारीपासून.

रुबेन ओचोआ या कलाकाराने इथे स्मारक उभं केलंय ते या फेरीवाल्यांचंच. त्याच्या घरचा धंदा टॉर्टियांचा, म्हणजे मेक्सिकन पोळ्यांचा. टॉर्टिया पोचवायची जुनी व्हॅन त्याने पूर्वी चक्क फिरतं कलादालन केली होती. त्यामुळे हे काम कुणी लांबून कौतुकाने केलेलं वाटत नाही.

फोन हळूहळू फिरवावा लागतो. कॅमेरा गवताची पाती, फरशीच्या कडा असे ठळक बिंदू पकडून जमीन कुठे आहे ते ताडतो. पाण्याकडे रोखला तर गोंधळतो. जीपीएस मोकळ्यावरही चार-पाच मीटर इकडचं तिकडे करतं, म्हणून अशा कामात कॅमेऱ्याच्या नजरेवरच जास्त भिस्त. दुपारच्या उन्हात पडदा नीट दिसेना, तेव्हा झाडाखाली गेले. तिथून स्मारक उभं राहिलं. एक मुलगा सायकलवरून माझ्या आणि स्मारकाच्या मधून गेला, तरी पडद्यावर मात्र तो स्मारकाआड झाकला गेला. फोनला जमीन कळली होती, मुलगा किती अंतरावर आहे ते कळलं नव्हतं.

शेजारी फळं विकणाऱ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. माझं स्पॅनिश मोडकंतोडकं, म्हणून सरळ फोनच त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग पलीकडच्या गाडीवाल्याला हाक मारून बोलावलं. दोघं बराच वेळ त्या काचेत बघत राहिली. परत देताना त्यांनी एवढंच विचारलं, “हे उद्यापण इथे असेल ना?”

तो प्रश्न डोक्यात घेऊनच मी दुसऱ्या दिवशी स्प्रिंग स्ट्रीटला गेले. तिथे ब्रॅडबरी बिल्डिंगच्या मागच्या बोळात बिडी मेसनची भिंत आहे. बिडीचा जन्म १८१८चा, गुलामगिरीतला. मालकाच्या तांड्यामागे गुरं हाकत ती मिसिसिपीहून युटापर्यंत चालत आली, तिथून पुढे कॅलिफोर्नियात. १८५६ मध्ये इथल्या कोर्टात तिने स्वतःचं आणि मुलींचं स्वातंत्र्य मिळवलं. सुईणपण करून पैसे साठवले आणि १८६६ मध्ये याच रस्त्यावर २५० डॉलरला जमीन घेतली. लिहिता येत नसल्यामुळे ती सहीच्या जागी फुली मारायची. शीला लेव्हरंट डी ब्रेटव्हिल यांनी १९८९ मध्ये केलेल्या या सुमारे ८० फूट लांब भिंतीवर तिचं आयुष्य दशकादशकाने सरकतं. काँक्रीटमध्ये सुईणीच्या बॅगेचा, कात्रीचा, दोऱ्याच्या रिळाचा ठसा आहे. कात्रीच्या ठशात बोट घातलं तर पात्याची कड लागते.

आणि याच बिडीवर एडा पिंकस्टनने केलेलं एआर स्मारक आहे दक्षिणेला, विलोब्रुकच्या मॅजिक जॉन्सन पार्कमध्ये. कधीकाळी ही जमीन तेलाच्या टाक्यांची होती. मेट्रोची ए लाइन, मग बस, असा बराच लांबचा पल्ला आहे, पण मी जाऊन आले याचा फार आनंद आहे. डाउनटाउनमध्ये बिडी भिंतीला धरून आहे. इथे ती मोकळ्या मैदानावर, खेळणाऱ्या पोरांमध्ये येते. तिच्याभोवती फिरायला माणसाला पावलं टाकावी लागतात, मान वर करावी लागते. खोलीत बसून त्याच चित्राकडे बघण्यात ती गंमत नाही.

माझं मत विचाराल तर आधी भिंत बघा, मग पार्क. बिडीची वाट माहीत असली की मैदानावरची बिडी जास्त भिडते. पण फळवाल्या बाईंचा प्रश्न मला सोडत नाही. ॲप बदललं, फोन बदलला की अशी कामं दिसेनाशी होऊ शकतात, आणि स्मार्टफोन नसलेल्याला ती आजही दिसत नाहीत. माझी मनापासून इच्छा आहे की अशा प्रत्येक स्मारकाची रेखाटनं आणि त्यामागचा अभ्यास संग्रहालयाने जपून ठेवावा, आणि जागेवर ठळक पाटी असावी, स्पॅनिशमध्येसुद्धा, छत्रीखाली उभं राहून वाचता येईल अशी.