खोक्यावरचं चिन्ह आणि दारातला माणूस

आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "अगं, दारात कोण आलंय ते मला पलंगावरूनच दिसलं तर बरं होईल. बेल वाजली की जीव वरखाली होतो."

तिच्या उशाशी स्क्रीनवाला स्मार्ट स्पीकर होताच, त्यावर ती गाणी ऐकते. दारावर बॅटरीवर चालणारा कॅमेराही होता आणि त्याच्या खोक्यावर त्याच स्पीकरच्या प्लॅटफॉर्मचं चिन्ह छापलेलं होतं. अ‍ॅपमध्ये दोन्ही खाती जोडली, दहा मिनिटांत काम झालं. संध्याकाळी बेल वाजली. आईने स्पीकरला दार दाखवायला सांगितलं आणि आम्ही दोघी स्क्रीनकडे बघत बसलो. मध्ये ते गोल फिरत राहिलं. मी मोजत होते, अकरा सेकंद गेले. चित्र आलं तेव्हा दारात पायपुसण्याखेरीज काही नव्हतं. आई काहीच बोलली नाही, वॉकर ओढून उठायला लागली. ते उठणं मला फार लागलं. ते टळावं म्हणूनच तर सगळा खटाटोप होता.

पुढचे दोन महिने मी या एका प्रश्नाच्या मागे होते: कॅमेरा अमुक प्लॅटफॉर्मवर "चालतो" म्हणजे नेमकं काय चालतं?

खोक्यावरच्या चिन्हाचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की तोंडाने सांगितलं तर स्क्रीनवर थेट चित्र येईल. बेल दाबल्यावर ते आपोआप उघडेल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. कॅमेऱ्याला हालचाल दिसली की जिन्यातला दिवा लागेल, स्क्रीनवरूनच बाहेरच्या माणसाशी बोलता येईल, जुनं रेकॉर्डिंग तिथेच बघता येईल, ही सगळी वेगळी कामं आहेत. एकाच कॅमेऱ्यात एका प्लॅटफॉर्मवर ती असतात, दुसऱ्यावर नसतात. विकत घेण्याआधी मी ही कामं एकेक करून विचारायला हवी होती.

अकरा सेकंदांचं कारण समजलं तेव्हा मला खरंच राग आला. दार आणि आईचा पलंग यांत वीस पावलांचंही अंतर नाही. पण चित्र जातं कुठून? कॅमेऱ्यातून कंपनीच्या सर्व्हरवर, प्लॅटफॉर्मच्या सर्व्हरची परवानगी घेऊन, आणि मग परत आमच्याच घरात. त्यात बॅटरीचा कॅमेरा वीज वाचवायला झोपलेला असतो, मागणी आली की जागा होतो आणि मग चित्र पाठवायला लागतो. सतत चित्र पाठवत राहिला तर बॅटरी बघता बघता संपेल. म्हणून अशा कॅमेऱ्यांत घरातल्या घरात थेट चित्र देणारी आरटीएसपीची सोय सहसा नसतेच.

या आरटीएसपीबद्दल मला आता माया वाटते. १९९८ साली ठरलेला हा प्रोटोकॉल आहे. कॅमेऱ्याचा पत्ता, पोर्ट (म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक) ५५४, नाव आणि पासवर्ड दिला की कुठलाही प्लेअर चित्र उघडतो. मध्ये कंपनीचं खातं नाही की सर्व्हर नाही. त्याच्या जोडीला ओन्व्हिफ. अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये हे मानक सुरू केलं ते एकाचा कॅमेरा दुसऱ्याच्या रेकॉर्डरशी बोलावा म्हणून. कॅमेरा शोधणं, त्याचे प्रवाह (चित्राचे स्ट्रीम) विचारणं, हालचालीची सूचना मिळवणं, हे सगळं त्यातून होतं. खोक्यावर ही दोन नावं छापलेली असली तर मी आता ती बाकी सगळ्या चिन्हांच्या आधी बघते. कंपनीने उद्या सर्व्हर बंद केला तरी हे दरवाजे घरातल्या घरात उघडे राहतात. ही नुसती शंका नाही. गुगलने 'वर्क्स विथ नेस्ट' हा नेस्टच्या उपकरणांशी इतरांची उपकरणं जोडणारा कार्यक्रम २०१९ मध्ये गुंडाळायला घेतला, तेव्हा त्यावर उभी असलेली अनेकांची जुळणी नव्याने करावी लागली.

अ‍ॅपलकडेही जाऊन बघितलं. तिथे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जपणारी होमकिट सिक्युअर व्हिडिओ ही सोय आहे. रेकॉर्डिंग एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे आपल्याशिवाय कोणाला उघडता येणार नाही असं, असतं आणि दहा दिवस राहतं, ही गोष्ट मला मनापासून आवडली. पण घरात अ‍ॅपल टीव्ही किंवा होमपॉड हवा, आयक्लाउडची वर्गणी हवी आणि कॅमेराही मुद्दाम त्यासाठीच बनवलेला हवा. आमच्या घरात यातलं काहीच नाही.

मग मॅटर. सगळ्या प्लॅटफॉर्मना एकत्र आणणारं मानक म्हणून त्याचं नाव सतत ऐकत होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर १.० आलं तेव्हा त्यात कॅमेरे नव्हतेच. ते आले नोव्हेंबर २०२५ मधल्या १.५ आवृत्तीत, वेबआरटीसी या थेट चित्र आणि आवाज पोचवणाऱ्या तंत्राच्या आधाराने. दिशा अगदी बरोबर आहे. पण मानकात लिहिलं गेलं म्हणून घरातल्या स्क्रीनवर चित्र दिसत नाही. कॅमेऱ्याने ते बोलायला हवं आणि प्लॅटफॉर्मने ते ऐकायला हवं. खोक्यावर मॅटर दिसलं, तर कुठली आवृत्ती आणि त्यातलं कॅमेऱ्याचं काम आपला प्लॅटफॉर्म करतो का, हे दोन्ही विचारा.

शेवटी मी बॅटरीचा कॅमेरा मागच्या दाराला हलवला आणि पुढच्या दारावर तारेची व्हिडिओ डोअरबेल लावली. एकाच नेटवर्क केबलमधून वीजही येते आणि चित्रही जातं. कपाटात एक छोटा कॉम्प्युटर ठेवून त्यावर होम असिस्टंट हे घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर बसवलं. पहिल्या दिवशी काळा पडदा! कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ओन्व्हिफ मुळात बंद होतं आणि त्यासाठी वेगळा वापरकर्ता बनवावा लागत होता. तो बनवला, बेलची आणि हालचालीची सूचना यायला लागली, तरी चित्र काळंच. या गाठीवर माझे तीन रात्री डोळे दुखले. कॅमेरा मुख्य प्रवाह एच.२६५ या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या नव्या पद्धतीत पाठवत होता आणि माझ्या ब्राउझरला तो उलगडता येत नव्हता. कॅमेऱ्यात दुसरा, लहान प्रवाह असतो. तो एच.२६४ या जुन्या पद्धतीवर ठेवला आणि आईच्या टॅब्लेटला तोच दिला. मोठा प्रवाह नुसता रेकॉर्डिंगला. होम असिस्टंटमध्ये आता गो-टू-आरटीसी हे छोटं सॉफ्टवेअर सोबतच येतं, ते आरटीएसपीचं वेबआरटीसी करून ब्राउझरला देतं. चित्र एका सेकंदाच्या आत.

रेकॉर्डिंगची जागा आधी मोजा. सेकंदाला ४ मेगाबिट असा प्रवाह दिवसभर साठवला तर सुमारे ४३ जीबी होतात. मी फक्त हालचालीचे तुकडे ठेवते.

एक गोष्ट हात जोडून सांगते. घराबाहेरून चित्र दिसावं म्हणून राउटरवर ५५४ पोर्ट उघडू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (बळकावलेल्या यंत्रांच्या जाळ्याने) कारखान्यातलेच पासवर्ड राहिलेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. मी बाहेरून व्हीपीएननेच, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित खासगी वाटेनेच येते, आणि डोअरबेलला इंटरनेटची वाट पूर्ण बंद केली आहे. त्याचा एक परिणाम मला आधी सुचला नव्हता. वीज जाऊन आली आणि रेकॉर्डिंगवर १९७० साल दिसायला लागलं, कारण कॅमेरा वेळ विचारायला बाहेर जाऊ शकत नव्हता. आता तो राउटरलाच वेळ विचारतो.

बेल वाजते, उशाशी ठेवलेला टॅब्लेट उजळतो, दार दिसतं. स्मार्ट स्पीकर गाण्यांपुरता उरला आहे. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आई टॅब्लेटकडे बघून मोठ्याने म्हणाली, "थांबा हं, येतेय." बाहेरच्या माणसाला अर्थातच ते ऐकू गेलं नाही. तो अर्धा मिनिट थांबला आणि निघून गेला.

म्हणजे चित्र मिळालं, आवाज राहिला. डोअरबेलमध्ये स्पीकर आहे, गो-टू-आरटीसी तिला आवाज पाठवूही शकतं. पण साध्या एचटीटीपी पत्त्यावर ब्राउझर मायक्रोफोन देत नाही, सुरक्षित एचटीटीपीएस लागतं. घरातल्या पत्त्यासाठी प्रमाणपत्र बनवून ते टॅब्लेटला ओळखायला लावायचं काम या शनिवारी काढलं आहे. तोवर बेल वाजली की आई बघते, ओळखीचं असेल तर मला हाक मारते, आणि मी धावते.